पिंपळगावचं खळं की कॅनडा कॉर्नरचं ऑफिस: एका सुट्टीचं प्रकरण

ओझरला महामार्गावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना एसटी मिळते. एका बाजूला वीसेक किलोमीटरवर नाशिक, दुसऱ्या बाजूला त्याहून जवळ पिंपळगाव बसवंत. मे २०२५ मध्ये आमच्या कॉलेजची एस.वाय.बी.कॉम. नुकतीच संपवलेली एक मुलगी यातली कुठली एसटी पकडावी हे विचारायला माझ्याकडे आली. मी वाणिज्य शिकवते, आणि विभागातलं ओजेटीचं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचं काम गेली दोन वर्षं माझ्याच गळ्यात आहे. म्हणून ती आली. मी सल्ला दिला, तिनं तो मानला नाही. पुढे काय झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे. नावं कुणाचीच देत नाही.

तिचे वडील पिकअप चालवतात. कांदा, टोमॅटो, भाजीपाला, जे भाडं मिळेल ते. गाडीचा हप्ता चालू आहे. आई घरी शिवणकाम करते, भाऊ त्या वर्षी दहावीत गेला. मुलीला सुट्टीत दोन गोष्टी हव्या होत्या: तिसऱ्या वर्षाच्या फीचा काही भाग, आणि जुना का होईना, स्वतःचा लॅपटॉप. तिसरी गोष्ट आम्ही तिच्यावर लादली होती. आमचं कॉलेज स्वायत्त असल्यानं नवं शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२३-२४ पासून लागलं, आणि ही मुलगी त्या पहिल्याच बॅचची. तिसऱ्या वर्षी ४ क्रेडिटचं ओजेटी. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम करून त्याचा कागद आणायचा. पहिली बॅच म्हणजे आम्हा शिक्षकांनाही परिपत्रक हातात धरून वाचत वाचतच पुढं जायचं होतं.

तिच्यासमोर दोन जागा होत्या. पहिली आमच्यामार्फत आलेली, नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका करसल्लागारांच्या ऑफिसात दोन मुलींना दीड महिन्याची इंटर्नशिप. विद्यावेतन नाही, शेवटी प्रमाणपत्र. दुसरी वडिलांच्या ओळखीतून आलेली, पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर दिवाणजींच्या हाताखाली हिशोबाचं काम. महिना १३,००० रुपये, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा, मध्ये अर्धा तास जेवण.

खळं म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. बाजार समितीत शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप भरून कांदा आणतो. व्यापारी एकेका गाडीपाशी जाऊन बोली लावतात आणि भाव ठरला की चिठ्ठी होते. गाडी भरलेली असताना भुईकाट्यावर वजन होतं, मग ती घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामी होते, आणि रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन होतं. दोन्हीतला फरक म्हणजे माल. त्यावरून हिशोबपट्टी बनते आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात. खळ्यावर बायका कांद्याची प्रतवारी करतात, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, खाद म्हणजे खराब कांदा वेगळा, आणि गोण्या भरून ट्रक लागतात. या सगळ्या धुळीच्या एका कोपऱ्यात काचेचं दार असलेली एक खोली असते. तिथे दिवाणजी बसतात.

माझा सल्ला सरळ होता: कॅनडा कॉर्नर. बायोडेटात करसल्लागाराचं ऑफिस शोभतं, ‘कांद्याचं खळं’ शोभत नाही, असं मी शब्दशः म्हणाले नाही, पण म्हणायचं तेच होतं. तिला ते कळलं. “मॅडम, तिथे पैसे नाहीत,” ती म्हणाली. मी म्हणाले, “अगं, दीड महिन्याचाच तर प्रश्न आहे.” ज्याच्या घरी गाडीचा हप्ता चालू नाही त्यालाच हे वाक्य सुचतं. नंतर मला त्याची लाज वाटली.

तिनं आधी सरकारी योजनांचं विचारलं होतं, कारण व्हॉट्सॲपवर सगळ्याच योजना एकत्र फिरत असतात. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत तेव्हा महिन्याला ५,००० रुपये मिळत, पण ती २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण सुरू नसलेल्यांसाठी होती. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावी पासला ६,००० आणि पदवीधराला १०,००० देत होती, पण तीही शिकून बाहेर पडलेल्यांची. कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीला सुट्टीपुरता यातल्या कशाचाच उपयोग नव्हता. ‘प्रमाणपत्रासह इंटर्नशिप, नोंदणी फी फक्त इतकी’ अशाही जाहिराती ती घेऊन आली होती. काम आपण करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे, त्यावर वेळ घालवायला नको एवढंच मी सांगितलं.

मी घरी आल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि ‘कमवा आणि शिका’ हे त्यांच्या कामातून महाराष्ट्रभर रुजलं. आजही विद्यापीठात त्या नावाची योजना आहे. त्या मुलांनी शेतात राबून, पडेल ते अंगमेहनतीचं काम करून शिक्षण घेतलं. ते काम अभ्यासक्रमाशी जुळतं का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. आपण दर पंधरा ऑगस्टला त्यांच्यावर भाषण करतो, आणि मुलगी खळ्यावर काम करते म्हटलं की नाक मुरडतो. मी मुरडलं होतं.

तिच्या घरी वेगळी अडचण होती. खळ्यावर हमाल, ड्रायव्हर, दिवसभर माणसांची वर्दळ. आईनं दोन अटी घातल्या: सातच्या आत घरी, आणि बाथरूमची सोय आधी बघून ये. सोय नव्हती. प्रतवारी करणाऱ्या बायका शेजारच्या घरी जात. शेठनं खोलीमागचं गोदामातलं कुलूपबंद बाथरूम उघडून दिलं, आणि त्या दिवसापासून त्या बायकांनाही ते मिळालं. मुलीनं हे माझ्याशी बोलताना ओझरतं सांगितलं. माझ्या दृष्टीनं त्या सुट्टीतलं हे सर्वांत टिकाऊ काम असावं. मी तिला एवढंच सांगून ठेवलं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. गरज पडली नाही.

छत्तीस रुपयांचा फरक

१२ मेला ती कामावर गेली. पहिले चार दिवस दिवाणजींनी तिला फक्त काटापट्ट्या, म्हणजे भुईकाट्यावरच्या वजनाच्या पावत्या, लावायला दिल्या. पाचव्या दिवशी हिशोबपट्ट्या संगणकावर भरायला दिल्या.

त्याच सुमारास पावसानं घोळ घातला. त्या वर्षी मे महिन्यातच नाशिक जिल्ह्यात अवकाळी बरसला, आणि २६ मेला तर मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला, कुणाच्या कांदाचाळीला प्लॅस्टिकचा कागद नाही, कुणाचा माल अर्धा भिजलेला. भिजलेला कांदा चाळीत सडणार, म्हणून जो तो गाडी भरून बाजारात. निर्यातीवरचं २० टक्के शुल्क १ एप्रिलला उठलं होतं, भाव सुधारेल अशी आशा होती, पण आशेवर ओला कांदा थांबत नाही. या खळ्यावर दिवसाला पंचवीसेक गाड्या खाली होत, त्या साठावर गेल्या. दिवाणजी एका हातानं फोनवर, दुसऱ्या हातानं पैसे मोजताहेत, आणि पट्ट्या या मुलीकडे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चांदवडकडचा एक शेतकरी दुसऱ्या दिवशी परत आला. हातात पट्टी. “ताई, माझा भाव अकराशे एक्कावन्न पुकारला होता. इथं अकराशे पंधरा कसा पडला?” दिवाणजींनी लिलावाची चिठ्ठी काढली. १,१५१ होते. तिनं १,११५ टाकले होते. माल २५ क्विंटल. छत्तीस रुपये गुणिले पंचवीस, ९०० रुपये.

शेठ तिथेच होते. ओरडले नाहीत. गल्ल्यातून ९०० रुपये काढून तिच्या हातात दिले आणि म्हणाले, “तूच दे त्यांना. आणि पट्टी नवी कर.” शेतकऱ्यानं पैसे मोजले, पट्टी घडी करून खिशात घातली, आणि जाताना म्हणाला, “पोरी, मी वाचतो म्हणून आलो. सगळे वाचत नाहीत.”

हे ती मला सांगत होती तेव्हा तिचा आवाज बदलला होता. दोन वर्षं मी तिच्या वर्गाला अंतर्गत तपासणी शिकवली आहे. एकाच माणसाच्या हातात व्यवहाराची सगळी टोकं नसावीत, एकाचं काम दुसऱ्याच्या कामातून आपोआप तपासलं जावं, वगैरे. परीक्षेत तिनं त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. खळ्यावर भाव, वजन आणि रक्कम तिन्ही एकाच माणसाच्या बोटांतून जात होतं, आणि ते तिच्या लक्षात आलं ते ९०० रुपये परत देताना.

त्या रात्री घरी न्यायला तिनं मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या मागितल्या. दिवाणजी म्हणाले, “काय करणार?” ती म्हणाली, “जुळवून बघते.” लिलावाची चिठ्ठी, काटापट्टी, हिशोबपट्टी, तिन्ही शेजारी ठेवून. दोन रात्रींत आणखी तीन चुका निघाल्या. एका शेतकऱ्याला कमी पैसे गेले होते, आणि दोन ठिकाणी शेठनं जास्त दिले होते. त्यातली एक चूक तिची होती. दोन दिवाणजींच्या होत्या.

इथे ती अडकली. दिवाणजी त्या खळ्यावर बावीस वर्षं आहेत, आणि तिला काम शिकवणारा माणूस तोच. शेठला सांगावं तर गुरूला खाली पाहायला लावल्यासारखं. सांगू नये तर त्या शेतकऱ्याचे पैसे बुडतात. तिनं वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, “आधी त्यांनाच सांग. ते शेठला सांगतील की नाही ते बघ.” तिनं सकाळी लवकर जाऊन दिवाणजींना एकटं गाठून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी स्वतः शेठला फोन लावला, आणि “पोरीनं काढलं” असं सांगितलं. त्या शेतकऱ्याला फोन करून बोलावलं गेलं.

पुढे तिनं सुचवलं की प्रत्येक पट्टीवर दुसऱ्या माणसाची सही घ्यावी. दिवाणजींनी तो विचार मोडीत काढला: “या गर्दीत सह्या करत कोण बसणार?” बरोबरच होतं त्यांचं. शेवटी दहा-दहा पट्ट्यांचा गठ्ठा काट्यावरच्या मुलाकडे जायचा आणि तो फक्त भाव आणि वजन चिठ्ठीशी ताडून परत द्यायचा, असं ठरलं. हिशोब करायचा नाही, फक्त आकडे बघायचे. जूनभर ते चाललं. तिनं त्याची वही ठेवली आहे. कोणत्या तारखेला किती पट्ट्या, किती चुका, कुठल्या प्रकारच्या. आकडे उलटेपालटे होणं सर्वांत जास्त, तेही दुपारी तीन ते पाच या वेळात. असा तक्ता मला पीएच.डी.च्या प्रबंधांतही क्वचित दिसतो.

आणखी एक गोष्ट तिथे उलगडली. तेव्हाच्या, म्हणजे १९६१ च्या, प्राप्तिकर कायद्याच्या ४०ए(३) कलमात एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिली तर तो खर्च मान्य होत नसे, हे आम्ही शिकवत होतो. ती खळ्यावर पाहते तर पन्नास-पन्नास हजार रोखीनं जाताहेत. तिनं घाबरून दिवाणजींना विचारलं. दिवाणजींना कलमाचा नंबर माहीत नव्हता, पण “शेतकऱ्याला मालाचे पैसे रोख दिलेले चालतात” हे पक्कं माहीत होतं. घरी येऊन तिनं नियम ६डीडी शोधला. शेतमाल पिकवणाऱ्याला दिलेली रक्कम त्यात वगळलेली होती. बँकेतून वर्षाला १ कोटीवर रोख काढली की टीडीएस कापत, पण शेतकऱ्यांना मालाचे पैसे देण्यासाठी बाजार समितीच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्यातूनही सूट होती, हेही तिला तिथेच कळलं. अपवाद आम्ही पुस्तकात दीड ओळीत संपवतो. तिथे सगळा धंदा त्या दीड ओळीवर उभा होता.

कॅनडा कॉर्नरला काय झालं

दुसरी जागा तिच्या वर्गातल्याच एका मैत्रिणीनं घेतली होती, म्हणून तुलना करता येते. मात्र ती मुलगी शहरातच राहते आणि तिला पैशांची तशी निकड नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं.

तिची सुरुवात चांगली झाली. बँकेची स्टेटमेंट घेऊन टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी, मग विक्रीची बिलं, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, १४ तारखेला टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणारी यादी, आली की खरेदी तिच्याशी जुळवायची, २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचं विवरणपत्र. ऑफिसातली एक सिनिअर मुलगी तिच्या शेजारी बसे आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगे. मग २७ मेला प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेल्याची घोषणा झाली. पक्षकारांनी कागद आणायचं पुढे ढकललं, सिनिअर मुलगी रजेवर गेली, आणि जूनच्या उत्तरार्धात आमची विद्यार्थिनी जुन्या फायली स्कॅन करत बसली. दोष कुणाचा नाही. तिला फक्त विचारायला माणूस उरला नव्हता आणि तिच्या कामाची वाट बघणारंही कुणी नव्हतं.

ऑगस्टमध्ये मात्र त्याच ऑफिसनं तिला परत बोलावलं. मुदत जवळ आलेली, माणसं कमी पडत होती, आणि त्यांची पद्धत माहीत असलेली मुलगी हाताशी होती. कॉलेज सांभाळून संध्याकाळचं काम, महिना ६,०००. म्हणजे बिनपगारी दीड महिना अगदी वाया गेला असंही म्हणता येत नाही.

खळ्यावरच्या मुलीचा हिशोब असा. चाळीस दिवस काम, दिवसाला नऊ तास धरले तर ३६० तास. दीड महिन्याचा पगार १९,५००, निघताना शेठनं वर १,५०० दिले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं प्रवासाला १,२०० च्या आसपास गेले. हातात उरले १९,८००. जुना लॅपटॉप आला आणि फीचा पहिला हप्ता आईकडे न मागता भरला गेला.

कागद

जुलैमध्ये ती माझ्याकडे वही घेऊन आली आणि विचारलं, “मॅडम, हे ओजेटीत धरता येईल का? तीनपट तास झालेत.” मी तिचा विषय विभागाच्या समितीत मांडला. एक सहकारी म्हणाले, “खळ्यावर बसणं म्हणजे ओजेटी? उद्या कुणी पाणीपुरीच्या गाडीवरचे तास आणेल.” मी म्हणाले, वही बघा. त्यांनी बघितली. त्यांचा सूर बदलला, हे कबूल करायला हवं. पण त्यांचा दुसरा मुद्दा मला खोडता आला नाही. कॉलेजचं पत्र आधी जायला हवं होतं, तिथल्या मार्गदर्शकाचं नाव आधी नोंदवायला हवं होतं, आणि ओजेटी ज्या सत्रात आहे त्या सत्राआधीचे तास नंतर मान्य करायला लागलो तर पुढच्या वर्षी दोनशे मुलं कुठली कुठली पत्रं घेऊन उभी राहतील. ३६० तासांतला एकही तास धरला गेला नाही.

ही चूक तिची नव्हती. मे महिन्यात ती माझ्यासमोर बसली होती तेव्हा मी “ते ओजेटीत बसणार नाही” म्हणून विषय संपवला होता. काय केलं तर बसेल, हे मी तपासलंच नाही. पत्राचा एक नमुना आणि एक फोन, एवढंच लागलं असतं.

दरम्यान शेठनं हौसेनं एक अनुभवपत्र दिलं होतं. लेटरहेडवर वर गणपती, खाली बॉलपेननं: “सदर मुलगी हुशार व प्रामाणिक असून घरच्यासारखी आहे.” घरच्यासारखी हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र. मुलाखत घेणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नव्हतं. आम्ही दोघींनी बसून नवा मसुदा केला: रोज सरासरी किती पट्ट्या, तिहेरी जुळणी, कालावधी, मार्गदर्शक कोण. शेठनं वाचून सही केली आणि विचारलं, “घरच्यासारखी कुठं गेलं?” ते शेवटच्या ओळीत परत घातलं.

मुलाखती

डिसेंबरमध्ये हिशोबाची कामं बाहेरून घेणारी एक कंपनी कॅम्पसला आली. लेखी परीक्षेत अर्धे प्रश्न जीएसटीचे, त्यातही इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कुठे मिळतं आणि कुठे अडतं यावर. ताज्या कांद्यावर जीएसटीच नाही. सुट्टीभर या मुलीनं बारदानाच्या बिलापलीकडे जीएसटी पाहिलाच नव्हता. ती लेखी परीक्षेतच गळाली. मैत्रीण निवडली गेली. मला वाईट वाटलं, आणि त्यात ‘मी म्हटलं होतं’ हा सूक्ष्म आनंदही होता, तो लपवत नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पिंपळगावजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये जागा असल्याचं तिच्या वडिलांना कळलं. जानेवारी ते एप्रिल हंगाम, कागदपत्रांच्या टेबलावर माणूस हवा. मुलाखतीत मॅनेजरनं बायोडेटा बाजूला ठेवून एकच विचारलं, “आकडा चुकला तर काय करतेस?” तिनं १,१५१ आणि १,११५ ची गोष्ट सांगितली, मग वही काढली. मॅनेजरनं वही पंधरा मिनिटं चाळली. त्यांच्याकडे एका बॉक्सवरचा कोड चुकला तर सगळा कंटेनर अडकू शकतो.

या वेळी पत्र आधी गेलं. मार्गदर्शक आधी ठरला, विद्यावेतन ८,००० लिहून घेतलं. जानेवारी-फेब्रुवारीत तिनं कोणत्या बागेची द्राक्षं कोणत्या खोक्यात गेली याची नोंद ठेवली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची ग्रेपनेट ही प्रणाली आहे. नोंदणीकृत बाग, औषधांच्या उर्वरित अंशांची तपासणी, पॅकहाऊस, कंटेनर असा माग त्यात राहतो, कागदोपत्री एकही कडी तुटलेली चालत नाही. त्याच्या जोडीला इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, आणि कंटेनर न्हावा शेवा बंदराला कधी पोचायला हवा याची रोजची धावपळ. भाव-वजन-रक्कम यांच्या जागी बाग-खोकं-कंटेनर आलं होतं. तीन कागद शेजारी ठेवून जुळवायचे, हे तिला माहीत होतं.

१२० तास झाले, ४ क्रेडिट मिळाले. जूनपासून ठेवून घेऊ का, याचं उत्तर पॅकहाऊसनं अजून दिलेलं नाही. एप्रिलनंतर तिथे माणसं कमीच लागतात. तिच्या मैत्रिणीच्या हातात वर्षाला अडीच लाखाच्या आसपासचं पत्र आहे, हिच्या हातात नाही. रविवारी ती मैत्रिणीकडे जाऊन जीएसटी शिकते आहे, आणि मैत्रिणीनं तिच्याकडून जुळणीचा तक्ता मागून घेतला आहे.

यंदा मी ओजेटीचा फॉर्म बदलला. आधी त्यात ‘संस्थेचं नाव, पत्ता, कालावधी’ होतं. आता मुलांनी जागा ठरवण्याआधी तिथे जाऊन विचारून यायचं असतं की माझं काम रोज कोण तपासणार, आणि मी ते केलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुणाचं अडेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाचंच नाही’ असेल तर ती जागा मी परत पाठवते, मग ती काचेच्या इमारतीत का असेना. पगार आहे की नाही हा रकाना फॉर्ममध्ये आहे, पण त्यावरून मी आता काही ठरवत नाही. पगार असेल तर मात्र पत्र आधी पाठवते.

गेल्या आठवड्यात शेठचा फोन आला. उन्हाळ कांदा सुरू झालाय, दिवाणजींचे डोळे अधू झालेत, अशीच एक मुलगी द्या. मी म्हटलं, देते, पण या वेळी तुमच्या सहीचं पत्र आधी लागेल, आणि रोज तिची वही दिवाणजींनी तपासायची.

“ते सगळं करू,” शेठ म्हणाले, “पण एक सांगा मॅडम. मी जे देतो त्याला पगार म्हणायचं की स्टायपेंड? दिवाणजी म्हणतात स्टायपेंड म्हटलं की कमी द्यावं लागतं.”

मी म्हटलं, तेरा हजार लिहा आणि नाव काहीही द्या.

“चौदा लिहितो,” ते म्हणाले. “आणि ते दहा पट्ट्यांचं गठ्ठ्याचं काय होतं, ते नव्या पोरीला तिच्याकडून शिकून यायला सांगा. आम्हाला मधल्या काळात ते जमलं नाही.”